तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त घ्यायच्या आधी बसवून का ठेवता?

"म्याडम, सुई टोचाले दोन मिनिटं लागते, मंग पाव घंटा बसवून काऊन ठेवता?" आमच्या लॅबच्या दारात हा प्रश्न रोजचा. याच्या मागोमाग येतो तो दुसरा: "तालुक्याले हिमोग्लोबिन 11.4 आलं होतं, तुमच्याकडे 10.7 कसं? मशीन बिघडली काय?" थोडाफार फरक मशीन-मशीनमध्ये असतोच. पण बरेचदा फरक असतो तो तुम्ही रक्त देताना उभे होता, बसले होता की आडवे होता, याचा.

माणूस उभा राहिला की पायांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांच्या भिंतीतून झिरपून आजूबाजूच्या मांसात जातं. आडवा असलेला माणूस उठून उभा राहिला, तर दहाएक मिनिटांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, साधारण 10 टक्क्यांनी घटतो. तांबड्या पेशी मात्र आतच राहतात, मोठी प्रथिनंही बहुतेक आतच. वरण आटलं की मीठ तेवढंच असतं, पण खारट लागतं, तसं. हिमोग्लोबिन त्यामुळे 5 ते 10 टक्के जास्त दिसू शकतं. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), कोलेस्टेरॉल हेही चढतात. कॅल्शियम चढतं, कारण त्यातलं निम्म्याच्या आसपास प्रथिनांना चिकटून फिरतं. साखर, युरिया, क्रिएटिनिन, सोडियम यांचे कण लहान, ते पाण्यासोबतच बाहेर जातात, म्हणून त्यांच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. नुसती शुगर करायला आलेल्या आजोबांना म्हणूनच मी ताटकळत ठेवत नाही.

आता म्हणाल, अर्ध्या-पाऊण आकड्यानं काय बिघडतं? दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, त्या दिवशी येऊन बघा. कापूस वेचणीचे दिवस, बोटांवर बोंडांचे ओरखडे, कोणी यष्टीत उभ्यानं आलेली, कोणी केसपेपरच्या रांगेत ताटकळलेली. गरोदरपणात 11 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. उभ्याउभ्या घेतलं तर 11.3 येतं, बाई 'नॉर्मल' म्हणून लोहाची रोजची एकच गोळी घेऊन घरी. तिलाच बसवून घेतलं तर 10.7, म्हणजे रोज दोन गोळ्या आणि पुन्हा तपासणी. त्या पाव घंट्याची किंमत एवढी आहे. गर्दी बघून 'घेऊन टाक ना पटापट' म्हणणारे आमच्यातलेही आहेत, आणि मला त्यांचा राग येतो.

उलटा गोंधळ वॉर्डात होतो. संध्याकाळी पेशंट चालत येतो, हिमोग्लोबिन 12.5. रात्रभर आडवा, वरून सलाईन. सकाळी 11.4. नातेवाईक दारात: "रातच्यातून रक्त गेलं कुठं?" कुठंच गेलेलं नसू शकतं, झोपल्यावर पाणी परत रक्तात येतं आणि रक्त पातळ होतं. अर्थात खरा रक्तस्राव नाही ना, हे डॉक्टर बघतातच, आणि बघायलाच हवं. आम्ही एवढंच करायचं, की सलाईन लागलेल्या हातातून नमुना घ्यायचा नाही.

दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त राहिला तरी असंच पाणी झिरपतं. शीर सापडत नसली तर मी पट्टा सोडते, थोडं थांबते, पुन्हा बांधते. आणि मूठ सारखी उघडझाप करू नका. त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं, मग हृदयाची उगाच धास्ती.

म्हणून बाकावर पंधरा मिनिटं, पाय खाली, मांडीला मांडी नको. गप्पा मारा, चालतंय. मधेच उठून फाटकापर्यंत चहाला जाल तर मात्र घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आल्डोस्टेरॉनसारख्या काही हार्मोनच्या तपासण्यांना आधी दोन तास उठबस, चालणं लागतं. ते डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, तेव्हा त्यांचं ऐका.

सुई बघून ज्यांना भोवळ येते, त्यांचं मी आडवं करूनच घेते आणि रिपोर्टवर 'झोपून' असं लिहून ठेवते. पुढच्या खेपेला दुसऱ्या लॅबला गेलात तर तो कागद सोबत न्या आणि तिथंही झोपूनच द्या, म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवून बघता येतील.