सिंट पीटर्सबर्ख : आतून पोखरलेली टेकडी

नाव वाचून रशियाकडे वळू नका. ही टेकडी नेदरलँड्सच्या अगदी दक्षिण टोकाला, मास्ट्रिख्त शहराला खेटून आहे आणि तिची शेपूट बेल्जियममध्ये जाते. सह्याद्रीत हिला कुणी टेकडी म्हणून मोजलंही नसतं. शेजारच्या मास नदीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर उंच. पण आयंडहोव्हनला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीनं "वर काय आहे ते सोड, आत काय आहे ते बघ" असं सांगून मे महिन्यातल्या एका शनिवारी मला तिथे नेलं.

मास्ट्रिख्त स्टेशनातून चालत निघालो. नदीचा पूल, जुनं गाव, मग हळूहळू चढ, आणि पाऊण तासात सिंट पीटर किल्ल्यापाशी. बस मिळते, तिकिटाला साधं बँकेचं कार्डही चालतं, पण चालतच जा. शहराच्या इतक्या जवळ ही उंची असणं धोक्याचं का होतं, ते चालताना कळतं. १६७३ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं मास्ट्रिख्त वेढा घालून घेतलं (कादंबऱ्यांमुळे प्रसिद्ध झालेला खरा दार्तान्यां याच वेढ्यात पडला). टेकडी शत्रूच्या हाती गेली तर शहर तोफांच्या तोंडीच येणार, म्हणून १७०१-०२ मध्ये हा पंचकोनी विटांचा किल्ला उभा राहिला.

किल्ल्यामागून झाडी सुरू होते. मधेच चुनखडीवरची गवताळ कुरणं लागतात. तिथे या भागातल्या मर्गलँड जातीच्या मेंढ्या चरायला सोडतात, कारण त्या नसतील तर झुडपं माजतात आणि रानऑर्किड गुदमरतात. कुंपणाची फाटकं ओलांडल्यावर आठवणीनं लावून घ्या. पुढे लिश्टेनबर्खचा पडका बुरूज आहे. डबा उघडायला याहून चांगली जागा आम्हाला सापडली नाही.

आणि मग पायाखालची टेकडीच संपते. समोर प्रचंड खड्डा, पांढरट-पिवळे कडे, तळाला हिरवं-निळं पाणी. १९२६ पासून एन्सी या सिमेंट कारखान्यानं इथला चुनखडक काढला, तो थेट २०१८ पर्यंत. मला आधी वाईट वाटलं, मग जरा गोंधळायला झालं. कारण याच कड्यांवर १९९७ मध्ये युरेशियन गरुड-घुबडांनी पिल्लं वाढवली, आणि आता हा खड्डाच राखीव निसर्गाचा भाग झाला आहे. दक्षिणेकडे झाडांनी झाकलेला जो सर्वात उंच डोंगर दिसतो, सुमारे १७० मीटरचा, तो म्हणजे खाणीवरून खरवडलेल्या मातीचा ढीग! त्याचं नाव ऑब्झर्वंट. जवळच्या स्लाव्हांते इथल्या मठातल्या ऑब्झर्वंट पंथाच्या साधूंवरून आलेलं. ज्याला आपण 'रान' म्हणून कौतुकानं बघतो, त्यातलं बरंचसं इथे खाणकामगारांनी घडवलेलं आहे. मला तरी ते आवडलं. दुर्बीण न्या, कडा वरच्या सज्जातून सावकाश न्याहाळा.

भूगर्भशास्त्रात डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाला 'मास्ट्रिख्तियन' म्हणतात, ते नाव १८४९ मध्ये इथल्याच खडकांवरून पडलं. अठराव्या शतकात या टेकडीच्या बोगद्यांत एक अजस्र कवटी मिळाली. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्यानं शहर घेतलं आणि कवटी पॅरिसला नेली. ती शोधून आणणाऱ्या सैनिकांना सहाशे बाटल्या वाइन मिळाली, अशी कथा सांगतात. अभ्यासकांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. कवटी समुद्री सरड्याची आहे हे १८०८ मध्ये फ्रेंच जीवाश्मशास्त्रज्ञ क्यूव्हिएनं मांडलं. पुढे तिला मोसासोरस, म्हणजे मास नदीचा सरडा, हे नाव मिळालं. ती आजही पॅरिसलाच आहे. १९९८ मध्ये या खाणीत सापडलेला तिचा भाऊबंद 'बेर' मात्र मास्ट्रिख्तच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात बघता येतो.

खाणीनंतर आमची वाट चुकली. एका फाट्यावर गप्पांच्या नादात डावीकडे वळलो आणि थोड्या वेळानं फोनवर 'बेल्जियममध्ये स्वागत' असा निरोप आला. ना फाटक, ना चौकी. १८३० मध्ये बेल्जियमनं डच राजवटीविरुद्ध बंड केलं तेव्हा मास्ट्रिख्तमधलं डच सैन्य हललं नाही, म्हणून शहर डचांकडे राहिलं. १८३९ च्या तहानंतर सीमा नक्की झाली आणि १८४३ मध्ये तिच्यावर क्रमांक घातलेले ओतीव लोखंडी खांब आले. त्यांतले पुष्कळ अजून उभे आहेत. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण पासपोर्ट किंवा निवास परवाना खिशात असू द्या. भारतीय सिमकार्ड असेल तर देशनिहाय रोमिंगचे दर आधी बघून ठेवा.

जमिनीखाली मात्र ही सीमा कुणाच्या फारशी कामाची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पाडलेल्या विमानांचे वैमानिक आणि ज्यू लोक बोगद्यांतूनच बेल्जियमकडे निसटत. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे अवाढव्य चित्र १९४२ पासून इथल्याच तिजोरीत दडवलं होतं. सप्टेंबर १९४४ मध्ये लढाई जवळ आली तेव्हा शहरवासी आत आसऱ्याला आले. त्यांच्यासाठी भटारखाना आणि प्रार्थनास्थळ तयार होतं. बोगदे नैसर्गिक नाहीत हे लक्षात घ्या. शतकानुशतकं माणसांनी करवतीनं दगडाचे ठोकळे कापून नेले. ओला असताना हा दगड मऊ असतो, हवेनं घट्ट होतो.

आत फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येतं. आम्ही तिकीट न काढता पोचलो आणि इंग्रजी फेरी भरलेली निघाली; दोन तास स्लाव्हांतेच्या बागेत बसून काढले. तुम्ही वेळ आधी ऑनलाइन ठरवा आणि फेरी डच भाषेतली तर नाही ना, हेही बघा. उत्तरेकडचे बोगदे आणि झोनेबर्ख अशा दोन वेगळ्या फेऱ्या आहेत, त्यांची सुरुवातही वेगवेगळ्या ठिकाणी होते. युद्धकाळात रस असेल तर झोनेबर्ख घ्या. बाहेर कितीही ऊन असो, आत बाराही महिने दहा-अकरा अंशच असतात, म्हणून स्वेटर हवाच. हिवाळ्यात आत वटवाघळं झोपलेली असतात, तेव्हा आवाज आणि उजेड बेतानं.

मधेच मार्गदर्शक बाईंनी दिवा विझवला आणि "भिंतीला हात लावून चाला" म्हणाल्या. ताई माझ्यामागे, तिचा हात माझ्या खांद्यावर. वीसेक पावलं असतील, पण तोंडातून शब्द फुटेना. बाहेर आल्यावर बघते तो माझ्या काळ्या जाकिटावर तिच्या पाच बोटांचा पिवळा ठसा. काळे कपडे घालू नका.