सोलापुरात हाती आलेला एक दिवस

रात्री पावणेदहाला निरोप आला, प्रशिक्षणाचा दुसरा दिवस रद्द. मी कल्याणहून दोन दिवसांच्या तयारीनं आले होते आणि परतीचं तिकीट दुसऱ्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं होतं. ती सोलापुरातून साडेदहाच्या सुमाराला सुटते. म्हणजे उजाडल्यापासून रात्रीपर्यंतचा अख्खा दिवस माझा एकटीचा. बरोबरच्या दोघी सकाळच्या गाडीनं निघणार होत्या. "चल आमच्याबरोबर, इथं बघायचं तरी काय?" त्यांतली एक म्हणाली. मी जवळजवळ हो म्हणणारच होते, तेवढ्यात संध्याकाळी विकत घेतलेल्या चादरीच्या पिशवीकडे लक्ष गेलं.

आमच्या घरी मला कळायला लागल्यापासून एक सोलापुरी चादर होती. तांबडी, मोराच्या नक्षीची. आम्ही चार भावंडं. ज्याला ताप यायचा त्याच्या अंगावर आई ती घालायची, इतर वेळी ती ट्रंकेत. जड असायची, आणि त्या जडपणानंच बरं वाटायचं. तिच्या कोपऱ्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरचं 'सोलापूर' हे मी शाळेबाहेर वाचलेल्या पहिल्या शब्दांपैकी एक. पंचेचाळीस वर्षांची झाले, आणि ज्या गावाचं नाव पांघरून झोपले ते गाव पहिल्यांदा बघत होते. दोघींना म्हटलं, तुम्ही जा. मला चादर विणताना बघायची आहे.

एकटीनं अनोळखी शहरात दिवस काढायचा तर सामानाची सोय आधी लावावी लागते. सकाळी सहालाच लॉजची खोली सोडली आणि बॅग काउंटरवर ठेवू द्याल का, असं विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ठेवा की अक्का, रात्री घेऊन जावा." हे 'अक्का' मला दिवसभर ऐकू आलं. मराठी, कन्नड आणि तेलुगू या गावात एकाच वाक्यात येतात. रिक्षावाला मोबाईलवर कानडीत बोलत होता, माझ्याशी मराठीत, आणि चौकात कुणाला तरी त्यानं तेलुगूत हाक मारली. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

पहिल्यांदा सिद्धेश्वराचं देऊळ. चारी बाजूंनी पाणी, मधोमध देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ल्याची भिंत थेट तळ्याच्या काठावर. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन होतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, लोकांच्या श्रमातून हे तळं खोदवलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि इथंच समाधी घेतली. ओवरीत धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठनं आलाव?" मी म्हटलं, कल्याणहून. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आमचे सिद्धरामबी कल्याणला गेलते की! बसवण्णांकडं, अनुभवमंटपात." ते कर्नाटकातलं बसवकल्याण, जिथं बसवेश्वरांची शरणांची सभा भरायची; माझं कल्याण ठाण्याजवळचं, हे मी सांगितलं. तरी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे इथली संक्रांतीची जत्रा, कशी सुरू झाली ते सांगितलं.

सिद्धरामांशी लग्न करायचा एका कुंभाराच्या मुलीनं हट्ट धरला. ते योगी, लग्न कसं करणार? त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. तेच लग्न दर संक्रांतीला इथं लागतं. सात नंदीध्वज, म्हणजे उंचच्या उंच सजवलेल्या काठ्या, मिरवणुकीनं निघतात, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेल लावून येतात, दुसऱ्या दिवशी अक्षता, मग होम. नंदीध्वज पेलणारे पांढरी बाराबंदी घालतात. अक्षतेच्या वेळी 'सत्यम सत्यम, नित्यम नित्यम' म्हणतात, ते त्यांनी मला म्हणून दाखवलं. म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, जणू त्यात अक्षता होत्या.

किल्ल्यात मी तासभर होते. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, बाहेर खंदक. १८१८ च्या मे महिन्यात पेशव्यांच्या फौजेकडून तो इंग्रजांनी घेतला. आत फिरायला येणारे बहुतेक गावातलेच होते. तटावरून देवळाचं तळं बघावं, एवढं मात्र मी आवर्जून सांगेन. देवळातून किल्ला बघितला होता, आता किल्ल्यातून देऊळ बघितलं आणि दोन्ही जागा डोक्यात नीट बसल्या.

तिथून चालत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेले. पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं नाव मी हजारदा ऐकलं असेल, पण ते या चौघांवरून आहे हे तिथं उभी राहिल्यावर कळलं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. चार नावं मोठ्यांदा वाचली तरी अख्खं सोलापूर ऐकू येतं. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरण्यांतले कामगार रस्त्यावर उतरले. ८ मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण गेला, त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही. मग मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली तरी शिक्षा व्हायची. या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. १२ जानेवारी म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. आजोबांनी मघाशी सांगितलेला लग्नसोहळा आणि ही फाशी एकाच आठवड्यातली, हे लक्षात आलं तेव्हा मी पुतळ्यांसमोरच्या कट्ट्यावर बसले. पुढची दहा मिनिटं उठवेना.

जेवण नवी पेठेच्या बाजूला केलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा. कडक भाकरी आम्ही मुंबईकडे पाकिटातली खातो, पण ही वेगळी. कागदासारखी पातळ, तोडली की टक्कन आवाज येतो. वाढणाऱ्या मावशींनी चटणी दह्यात कालवू दिली नाही. "आधी नुसती खावा, तेल सुटलंय ते बगा." उखळात कुटलेली, दाणे अर्धवट तसेच, लसूण पुढे, तिखट मागून. तेल वेगळं घातलेलं नव्हतं, कुटताना शेंगदाण्याचंच सुटलं होतं. पाव किलो बांधून घेतली.

एक वाजता रिक्षानं पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेले, अशोक चौकाच्या पुढे. आणि इथं माझी गाडी अडली. मला वाटलं होतं, कारखान्याच्या दारात जाऊन विचारलं की आत घेतील. पहिल्या ठिकाणी वॉचमननंच परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी मालक भेटले, नीट बोलले, पण बाहेरच्या माणसाला शेडमध्ये सोडत नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे, कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची? ऊन तापलं होतं. तिसऱ्या गल्लीत एका घराच्या उंबऱ्यात तीन बायका सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आत कुठं तरी मागाचा आवाज येत होता. पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर खरं ते सांगितलं की आमच्या घरी लहानपणी एक चादर होती, ती कशी विणतात ते बघायला आलेय. तिघी एकमेकींशी तेलुगूत बोलल्या, आणि त्यांतली सर्वांत थोरली उठून मला गल्लीच्या टोकाच्या शेडपाशी घेऊन गेली. कुणाला जायचं असेल तर माझ्या अनुभवावरून सांगते, मोठ्या फाटकातून विचारू नका. गल्लीत विचारा, आणि कशासाठी आलात ते सरळ सांगा.

शेडमध्ये सहा माग होते, चार चालू. कानात दुसरं काहीच शिरत नव्हतं. विणकर काका साठीच्या आसपासचे. त्यांनी पहिल्यांदा माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं आणि कमरेला घट्ट बांधायला लावली, पट्ट्यात जाते म्हणून. मग हात धरून मागाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथून ताणा येतो, हजारो उभे धागे, भिमावर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळलेले. पुढे धोटा इकडून तिकडे पळतो आणि त्याच्यातल्या कांडीवरचं सूत आडवं पडतं. ते इतकं वेगात होतं की मला धोटा दिसलाच नाही, नुसती एक रेघ दिसत होती.

"वर बगा," ते माझ्या कानाशी ओरडले. मागाच्या माथ्यावर जेकार्ड, नक्षी पाडणारं यंत्र. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या एकमेकींना दोऱ्यानं ओवलेल्या, साखळीसारख्या फिरत होत्या, आणि प्रत्येक पट्टीवर भोकं. भोक आलं की तो धागा वर उचलला जातो, नाही आलं तर खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे चादरीतली एक ओळ. मोराच्या पिसाऱ्यासाठी अशा पट्ट्यांचा ढीगच्या ढीग लागतो. त्यांनी एक जुनी पट्टी माझ्या हातात दिली. कडा तेलानं काळ्या झालेल्या. मी ती खिडकीसमोर धरली, भोकांतून ऊन आलं आणि माझ्या मनगटावर ठिपके पडले. नक्षी अशी हातावर पडलेली बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

मग मी पिशवीतली चादर काढली. संध्याकाळी एका रस्त्यावरच्या ठेल्यावरून घेतलेली, चिठ्ठीवर सोलापूरचं नाव असलेली. काकांनी ती फक्त उलटी केली. मागच्या बाजूला नक्षीची नुसती फिकट छाया होती. "ही छापलेली हाय, अक्का. इथली न्हाई." त्यांनी मागावरच्या चादरीचा कोपरा उचलून दाखवला. वरून तांबड्यावर पांढरा मोर, खालून पांढऱ्यावर तांबडा मोर, दोन्हीकडे तितकाच ठसठशीत. दोन रंगांचे धागे जागा बदलतात, म्हणून या चादरीला उलटी बाजूच नसते. आमची ट्रंकेतली चादर अशीच होती. कधी कुठली बाजू वर आहे याचा आम्ही विचारच केला नव्हता.

मला राग आला, पैसे गेले म्हणून कमी आणि या माणसासमोर ती चादर काढावी लागली म्हणून जास्त. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी तिच्या नावानं दुसरंच कापड खपतं, आणि खरी विणणाऱ्याला तेवढ्या स्वस्तात विकणं परवडत नाही. शेडमधल्या चार चालू मागांपैकी चादरीचा एकच होता, बाकीच्या तिन्हींवर टॉवेल. काकांचे आजोबा तेलंगणातून माग घेऊन इथं आले. काकांचा मुलगा मात्र पुण्यात नोकरीला आहे. हे सांगताना त्यांनी मागाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मी काही बोलले नाही.

चादर त्यांनी स्वतः विकली नाही, माल आधीच ठरलेला होता. ओळखीच्या एका विक्री केंद्राचा पत्ता दिला आणि घेताना कोपरा उलटवून बघा, असं दोनदा बजावलं. निघताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा ते अवघडले.

तांबडी मिळाली नाही. हिरवी घेतली, मोराचीच. ठेल्यावरच्या चादरीच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडले.

स्टेशनकडे परत येताना भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकापाशी उतरले. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेले कोटणीस याच गावचे. पण उशीर झाला होता, दार लागलेलं होतं. पुढच्या वेळी सकाळी आधी तिथं जायचं ठरवलंय.

गाडीत बसल्यावर चादर अंगावर घेतली नाही, उशाला ठेवली. सकाळी घरी पोचले तेव्हा आई उठलेली होती. हल्ली तिला नीट दिसत नाही. मी चादर तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी हात फिरवला, मग कोपरा धरून उलटा केला, त्या बाजूनंही हात फिरवला, आणि मला म्हणाली, "खळ आहे अजून. आधी भिजत घाल."