वाकळीत दिसणारी 20 तारीख

मी बेळगावात, उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात एका छोट्या ऑफिसात अकाऊंट्सचं काम करते, म्हणजे आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्यांची बिलं, जीएसटी, टीडीएस, सगळं. 11 तारखेला जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीचं रिटर्न, 20 ला थ्री-बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, आणि लोक बिलं कधी आणून देणार तर 18 ला संध्याकाळी, कॅरीबॅगेत कोंबून, वर "मॅडम जरा बघा की" असं हसत म्हणणार. पोर्टल त्याच दिवशी फिरत बसतं हे वेगळं सांगायला नकोच. मागच्या वर्षी पावसाळ्यात माझं हे असं झालं की रात्री दोन वाजता जाग यायची आणि डोक्यात कुणाचा तरी इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा आकडा फिरत असायचा. डॉक्टरांनी बीपी बघितलं, काही बोलले नाहीत, परत एकदा बघितलं. मग म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या.

छंद काय दुकानात मिळतो होय! तरी केलं बाई सगळं. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरायला गेले, झाडी छान, हवा छान, पण तिसऱ्या दिवशी आमचे एक क्लायंट तिथंच भेटले आणि अख्खी फेरी नोटिशीवर बोलत माझ्याबरोबर चालले. मोबाईलवर ध्यानाचं ॲप घेतलं, त्यातली बाई "डोळे मिटा" म्हणायला लागली की वरून व्हॉट्सॲपचं टिंग. जिमचं तर बोलूच नका, तीन महिन्यांचे पैसे भरले आणि अकरा दिवस गेले.

मग एका रविवारी माहेरी खानापूरला गेले होते, फार लांब नाही, 25-26 किलोमीटर, पण पावसात तिकडं गेलं की बेळगावचा पाऊस म्हणजे नुसता शिडकावा वाटतो. आई पडवीत जुन्या साड्यांचा ढीग घेऊन बसलेली, वाकळ म्हणजे गोधडी शिवायला. मला म्हणाली, बसलीयस तर एवढी सुई तरी ओव. मी ओवली. मग चार टाके घातले. मग चहा गार झाला तरी मी तिथंच.

आता वाकळ म्हणजे काय ते बेळगाव-कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको, कन्नडवाले तिला कौदी म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, बेडशीट असं एकावर एक अंथरायचं, कडा दुमडायच्या, मोठ्या टाक्यांनी सगळं एकमेकाला धरून ठेवायचं म्हणजे सरकत नाही, आणि मग साधा धावदोरा, ओळीशेजारी ओळ. आमच्या खानापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या बायकांची पद्धत अजून भारी, त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात, कडेपासून शिवायला घेऊन चौफेर फिरत मध्यावर यायचं आणि चारी कोपऱ्यांना कापडाचे छोटे जाडसर त्रिकोण लावायचे, त्यांना फुलं म्हणतात. मी मात्र आईची साधी सरळ ओळच धरली, एवढंच जमतंय.

घरी येताना तीन साड्या आणि अर्धवट वाकळ उचलून आणली. रात्री जेवणं झाली की अर्धा तास. सुरुवातीला बोटांची चाळण झाली, पाच-सहा थरांतून सुई ढकलायची म्हणजे गंमत नाही, एक तर वाकलीच. एकदा सुई सोफ्यात पडली आणि हे त्याच सोफ्यावर मॅच बघत बसलेले. सगळं घर उभं केलं मी. शेवटी ऑफिसशेजारच्या वर्कशॉपमधून लोहचुंबक आणला दुसऱ्या दिवशी, तोवर कुणी सोफ्यावर बसलं नाही. तर हा माझा टेन्शन घालवायचा उपाय.

पण खरंच गेलं टेन्शन, सगळं नाही, बरंच. एक तर दोन्ही हात अडकलेले असतात, फोन उचलताच येत नाही, वरचा हात सुई धरतो आणि खालचा टोक कुठं येतंय ते चाचपतो. ते ॲप नेमकं हेच सांगत होतं, एकच गोष्ट परत परत करा, मन भटकलं तर स्वतःवर न चिडता परत आणा. हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी 1970 च्या दशकात यावर बराच अभ्यास केला होता, तोच शब्द किंवा तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की श्वास आणि हृदयाचे ठोके संथ होतात असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटून मला ते जमत नव्हतं, कारण मन कधी निसटलं तेच कळायचं नाही. इथं कळतं. टाका लांब पडतो, ओळ तिरकी जाते, आणि ते तसंच कापडावर राहतं.

मैत्रीण म्हणाली, मस्त झालंय की गं, इन्स्टावर टाक, ऑर्डर घे, हजारो रुपयाला जातात आता गोधड्या. मी हात जोडले. ऑर्डर घेतली म्हणजे डिलिव्हरीची तारीख आली, आणि तारखा मला पुरे झाल्यात. बिल पण मलाच करावं लागेल.

परवा आई आली होती. आल्या आल्या "काय करूलालीस गं" म्हणत वाकळ हातात घेतली, चष्मा लावून उलटी करून बघितली, कारण शिवण कशी झालीय ते मागच्या बाजूनं कळतं म्हणे. बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबली. तिथं चार-पाच ओळी नुसत्या धावत सुटल्यात, टाके हे एवढे एवढे.

"हितं काय झालं गं?"

"तिथं 20 तारीख होती."

मी कात्री घेऊन उसवायलाच निघाले होते, तर तिनं वाकळ स्वतःकडं ओढली आणि म्हणाली, राहू दे, चहा ठेव आधी.