खाडीपुलाची वजनमर्यादा आणि मुक्कामाची एसटी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जुन्या खाडीपुलावर दहा टनांची वजनमर्यादा लागू झाली, त्या सकाळी शाखा अभियंता म्हणून मी पुलावर हजर होते. वजनमर्यादेचा मूळ अहवाल माझ्याच हातचा होता आणि त्यातल्या आकड्यांविषयी मला आजही शंका नाही. त्या आकड्यांचे पुढे जे झाले, ते मात्र मनातून जात नाही.

पूल काँक्रीटच्या तुळयांचा, साठ वर्षांकडे झुकलेला. खाडीचे खारे पाणी आणि खारा वारा काँक्रीटच्या आत शिरतो, लोखंडी सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यामुळे वरचे काँक्रीट आतून फुटत जाते. ओहोटीच्या वेळी होडीतून खाली जाऊन तुळईवर हातोडी मारत गेले की निरोगी काँक्रीट टणक वाजते आणि सुटलेले काँक्रीट पोकळ वाजते. आमच्या पुलाची समुद्राकडची कडेची तुळई अर्ध्याहून अधिक लांबी पोकळ वाजत होती, तर मधल्या तुळया बऱ्यापैकी शाबूत होत्या. हा फरक लक्षात ठेवावा, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे.

भारचाचणी आम्ही नीट केली, हे मी अभिमानाने सांगते. खडीने भरलेला प्रत्येक डंपर वजनकाट्यावर मोजून आणला, आसांच्या जागा रस्त्यावर आखून घेतल्या आणि तुळईच्या मध्याखाली परांचीवर, तुळई किती वाकते ते मोजणारे डायल गेज बसवले. त्याचा काटा मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा दाखवतो. पुष्कळ जण इथेच घाई करतात. उन्हाने स्लॅब वरून तापला की तुळई आपोआप किंचित वर उचलली जाते, रात्री पुन्हा खाली बसते, आणि ही हालचाल वजा केली नाही तर भाराने आलेला वाक आणि उन्हाने आलेला वाक यांची सरमिसळ होते. म्हणून भार चढवण्याआधीचा एक पूर्ण दिवस आणि रात्र आम्ही रिकाम्या पुलाची तापमानासह दर तासाला नोंद घेतली. पूर्ण भार चोवीस तास ठेवून उतरवल्यावर पुढच्या चोवीस तासांत अशा पुलाचा वाक किमान ७५ टक्के भरून यावा लागतो, म्हणजे वाकलेली तुळई तेवढी परत वर यावी लागते. कडेच्या तुळईचा त्याहून थोडा कमी भरून आला.

अहवालात मी दोन गोष्टी लिहिल्या. वाहने आहेत तशी दोन रांगांत चालू ठेवायची असतील तर मर्यादा दहा टनांची. परंतु कडेला काँक्रीटचे ठोकळे लावून मधल्या पट्ट्यातून एका वेळी एकच वाहन संथपणे सोडले, तर भार शाबूत तुळयांवर विभागला जातो आणि प्रवाशांनी भरलेली एसटी सुरक्षितपणे जाऊ शकते. त्यासाठी दोन्ही टोकांना अहोरात्र माणूस नेमावा लागतो. वरून मंजुरी आली ती पहिल्या वाक्याला, आणि सोबत तीन मीटर उंचीच्या हाइट बॅरिअरला, म्हणजे उंच गाड्या अडवणाऱ्या कमानीला. लोखंडी कमान एकदा उभी केली की तिला पगार द्यावा लागत नाही.

वरिष्ठांची भीती मला कळते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि वाहून गेलेल्या एसटीच्या दोन्ही गाड्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली, आमच्याच जिल्ह्यातून सुटलेल्या होत्या. तेव्हापासून जुन्या पुलाचा कागद टेबलावर पडून राहू नये, असे प्रत्येकाला वाटते. मात्र कागद हातावेगळा होणे आणि पूल सुरक्षित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॅरिअर पहाटे उभे राहिले. पलीकडच्या गावात मुक्कामाला असलेली एसटी सहाच्या सुमारास पुलावर आली आणि कमानीसमोर थांबली. वाहतूक बंदीचे पत्र कुठल्याशा वरच्या कार्यालयात पोहोचले होते, आगारात पोहोचले नव्हते. चालकाने खाली उतरून गाडीचे टप आणि कमान यांच्याकडे आलटून पालटून पाहिले आणि विचारले, "मॅडम, रात्री आलो तेव्हा पूल होता ना?" गाडीत शाळेची मुले होती, तालुक्याला दवाखान्यात निघालेली माणसे होती, आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. सगळ्यांना उतरवून आम्ही पूल पायी ओलांडायला लावला.

ती माणसे पुलाच्या मध्यावर असतानाच मागून चिऱ्यांचा, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडांचा, सहाचाकी डंपर आला आणि दोन्ही टोकांच्या कमानींखालून बिनधास्त निघून गेला. बॅरिअर उंची मोजते, आणि दगड वाहणाऱ्या गाडीला उंच असण्याची गरज नसते. हौद्यातल्या रांगा मी सवयीने मोजल्या. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. चारशेच चिरे धरले तरी बारा टन होतात आणि गाडीचे स्वतःचे वजन वेगळे. अडवलेली एसटी प्रवाशांसकट बारा-तेरा टनांची होती. डोक्यावर टोपली घेतलेल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारले, "बाय, आमची एसटी जड नि चिऱ्यांची गाडी हलकी काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. पण तो वसूल करण्याचे अधिकार आमच्याकडे नाहीत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांचे वाहन मी पुलावर क्वचितच पाहते. परिणामी बंदी लागू पडली ती फक्त नियम पाळणाऱ्या गाडीला. एसटी वरच्या अंगाच्या पुलावरून वळवली. सहा किलोमीटरांच्या टप्प्याने भाडे आकारले जात असल्यामुळे वळशाचे टप्पे प्रवाशांच्या तिकिटात चढले. नंतर आगारप्रमुखांनी स्वतः पाहणी करून दोन्ही काठांवर एकेक गाडी लावली आणि मधला पूल पायी, अशी सोय केली. ती त्यांनी आपणहून केली, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

कडेच्या तुळईच्या तड्यांवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. तडा रुंदावला की काच फुटते. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत त्यातल्या दोन फुटलेल्या सापडल्या, आणि त्या काळात एकही एसटी त्या पुलावरून गेलेली नव्हती. पट्ट्यांची छायाचित्रे आणि चिऱ्यांच्या गाड्यांची गणती जोडून मी दोन्ही टोकांना माणूस नेमण्याचा प्रस्ताव पुन्हा पाठवला आहे.