स्टर्ट्स डेझर्ट पी बियांपासून वाढवताना

स्टर्ट्स डेझर्ट पी या ऑस्ट्रेलियातल्या रानफुलाच्या झाडाचं बी नुसतं भिजवून रुजत नाही. कडधान्यात एखादा गणंग निघतो ना, रात्रभर पाण्यात ठेवला तरी टणकच, तसं इथे जवळजवळ प्रत्येक बी. व्हिक्टोरिया सोडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्या राज्यांत आणि नॉर्दर्न टेरिटरीत, पार वायव्येकडच्या पिलबारा भागाच्या किनाऱ्यापर्यंत, कोरड्या भागात ते आपणहून उगवतं. तिथे एका हलक्या सरीला भुलून कोंब काढला, की रोप मेलंच. म्हणून बी कवचाआड वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, दमदार पाऊस येईपर्यंत.

ॲडलेडमध्ये तो पाऊस मलाच पाडायचा होता. रानातलं बी गोळा करायला परवानगी लागते, त्यामुळे नर्सरीतून पाकीट आणलं. एकेक बी पॉलिशपेपरवर आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासलं आणि कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी जी टम्म फुगली होती ती पेरायला घेतली, बाकीची पुन्हा पॉलिशपेपरवर.

कुंडीची गोष्ट जास्त महत्त्वाची. याचं सोटमूळ सरळ खोल जातं आणि त्याला धक्का अजिबात चालत नाही, म्हणून पुनर्लागवडीचा विचारच सोडला. ड्रेनेजच्या जाड पाइपचा लांब तुकडा उन्हात उभा करून वाळू आणि बारीक खडीने भरला, बी थेट त्यातच. पाणी द्यायचं ते मुळाशी, भरपूर, आणि मग वाळू सुकेपर्यंत हात आवरायचा. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच. मुळं कुजण्याचा त्रास इतका जुना आहे, की एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या माळ्यांनी याचं कलम कोलुटिया नावाच्या, याच कुळातल्या झुडपाच्या रोपावर बांधायला सुरुवात केली. कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडतात, तिथे रोज रात्री टॉर्च घेऊन पहारा.

फूल बोटभर लांब, रक्तासारखं लाल, मधोमध काळाभोर चकचकीत फुगवटा. 1961 पासून ते साऊथ ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियरने 1699 मध्येच याचा नमुना गोळा केला होता. तो ऑक्सफर्डमध्ये अजून जपून ठेवलाय. नाव मात्र लागलं त्याच्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी आलेल्या शोधप्रवासी चार्ल्स स्टर्टचं!

बहर ओसरल्यावर झाड सहसा फार टिकत नाही. शेंगा पिवळसर झाल्यावर, तडकायच्या आत काढून कागदी पाकिटात ठेवल्या आहेत.