रिटेल आणि टेलर

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा शाळेतून निरोप आला, आणि मला आधी आठवला तो आठवीतला इंग्रजीचा तास. पुस्तकात दुकान आणि खरेदीवरचा धडा होता. बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं. "उद्या येताना दुकानांच्या पाट्यांवरचे पाच-पाच इंग्रजी शब्द लिहून आणा," म्हणाल्या.

आम्ही वही-पेन्सिल घेऊन बेळगावातली गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ पालथी घातली. एकेका पाटीवर कानडी, मराठी, इंग्रजी तिन्ही. दुसऱ्या दिवशी फळा भरला: प्रोव्हिजन स्टोअर्स, स्टेशनरी, फिक्स्ड रेट, होलसेल अँड रिटेल. रोज डोळ्यांखालून जाणारे शब्द, पण अर्थ विचारला तर कुणालाच धड सांगता येईना.

बाई एकेक शब्द सोलून दाखवायच्या. स्टेशनर म्हणजे गावोगाव न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा. त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. एन्व्हलपमधला 'ई' तोच कागदाच्या स्टेशनरीत, उभ्या गाडीच्या स्टेशनरीत मात्र 'ए'. ग्रोसर हा मुळात ठोक व्यापारी. रिसीटमधला 'पी' लिहायचा, पण म्हणायचा नाही. लॅटिनची आठवण म्हणून तो मागाहून आत आला. चेंज म्हणजे सुट्टे. शेजारच्याने 'चिल्लर' म्हटलं, तर बाईंनी त्याच्यापुढे कानडीतलं 'चिल्लरे' लिहिलं.

माझे बाबा शहापुरात कापडाच्या दुकानात नोकरीला होते. आई घरी ब्लाउज शिवायची. शाळेच्या फॉर्मवर 'पालकांचा व्यवसाय' लिहिताना माझा हात अडायचा. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर रिटेल लिहिलं आणि त्याखाली टेलर. म्हणाल्या, हे दोघे एकाच घरचे. जुन्या फ्रेंचमध्ये त्यांचं मूळ 'कापणे' असं. मोठ्या मालातून गिऱ्हाइकाला हवा तेवढा तुकडा काढून देणं ते रिटेल, आणि कापड बेतून शिवतो तो टेलर.

तास संपला तरी मी फळ्याकडेच बघत होतो.

शाळा सुटल्यावर थेट दुकानात गेलो. बाबांनी तागा उलगडला होता. गजाने मापलं, काठाला कात्रीने बोटाएवढी चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडलं. रेषेत, धागाभरही इकडेतिकडे नाही. ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांना शब्दाची गोष्ट सांगितली.

"होय की?" बाबा म्हणाले. "मग तुझ्या आईला सांग जा आधी."

आई मशीनवर होती. मी सांगायला लागलो तसा तिचा पाय थांबला. सुई कापडातच होती.

"परत सांग बघू," ती म्हणाली.