साहेब सोडेनात: राजीनाम्यापासून पीएफच्या ‘एक्झिट’पर्यंत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडली, पण ‘नॉट अव्हेलेबल’ हे दोन शब्द दिसले की अजून डोकं फिरतं. युएएनच्या, म्हणजे पीएफ सभासदाच्या कायम नंबरच्या साइटवर ‘व्ह्यू’मध्ये ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडली की जुन्या कंपनीपुढे, नोकरी सोडल्याच्या तारखेच्या रकान्यात, तेच येत होतं. ती तारीख पडत नाही तोवर जुना पीएफ नव्या खात्यात सरकवताना घोडं अडतं. आणि तारीख टाकायची कुणी? ज्या साहेबाला वैतागून बाहेर पडलो, त्यानंच.

राजीनाम्याचं फार सांगत नाही. टेबलावर ठेवलेल्या कागदावर मात्र विसंबू नका. ‘ठेव, बघतो’ म्हणणारे साहेब महिन्यानं ‘कसला राजीनामा?’ विचारतात. मेल करा. नेमणूकपत्रातल्या नोटिशीचे दिवस मोजून शेवटची तारीख त्यातच लिहा, एचआरला प्रत टाका आणि बीसीसीत स्वतःचा जीमेल, कारण कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो. कागदच द्यायचा असेल तर दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे कागद मिळाल्याचा शिक्का घ्या. तो देत नसतील तर पोस्ट. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा.

नो ड्यूजवर, म्हणजे कंपनीचं काही देणं उरलं नाही या फॉर्मवर, स्टोअर, अकाउंट्स, कॅन्टीनच्या सह्या पटापट होतात. टूलरूममध्ये थांबा. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापं घ्यायची साधनं परत देताना त्यावरचा नंबर लिहूनच सही घ्या, नाहीतर ‘एक गेज कमी आहे’ म्हणून फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, लटकतं.

आता ती तारीख. साहेबांना फोन केला की ‘कन्सल्टंटला सांगितलंय’. कन्सल्टंटला केला की ‘कंपनीचं लेटर आलं नाही’. लहान कारखान्यांचं पीएफचं काम बाहेरचा कन्सल्टंटच बघतो, त्यामुळे ही टोलवाटोलवी कितीही महिने चालू शकते आणि खोटं कोण बोलतंय ते शेवटपर्यंत कळत नाही. मी उगाच मिनतवाऱ्या करत बसलो. जानेवारी 2020 पासून ही तारीख सभासदाला स्वतः टाकता येते, हे दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही.

युएएन आणि पासवर्डनं आत गेलात की ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’. जुनी कंपनी निवडायची, तारीख आणि कारण भरायचं, आधारच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. दहा मिनिटांचं काम. अट एकच, पीएफच्या शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटलेले हवेत. त्याआधी कितीही आपटा, होत नाही. तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच घेते आणि एकदा टाकली की सहजासहजी बदलता येत नाही. म्हणून रिलिव्हिंग लेटर समोर ठेवूनच टाका.

यात एक खोच आहे. आधी पासबुक उघडून शेवटचा पगार-महिना कोणता दिसतो ते बघा. तुम्ही 31 ऑगस्टला सोडलं, पण यादीतून नाव न काढता कंपनीनं सप्टेंबरचंही चलन भरलं, तर शेवटचा महिना सप्टेंबर ठरतो. दोन महिन्यांची मुदत त्यापासून मोजली जाते, शिवाय नव्या कंपनीचा सप्टेंबर आणि जुन्याचा सप्टेंबर एकमेकांवर चढतात. उलट ऑगस्टची वर्गणी दिसतच नसेल, तर पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत. ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. अशा वेळी मार्क एक्झिट करू नका, आधी तक्रार करा.

तक्रार ईपीएफआयजीएमएसवर, म्हणजे पीएफ ऑफिसच्या तक्रारींच्या साइटवर. ‘साहेब त्रास देतात’ असं लिहून काही होत नाही. पीएफचा मेंबर आयडी, शेवटचा दिवस, कोणत्या महिन्याची वर्गणी नाही, एवढंच लिहा. पगारपत्रक आणि राजीनाम्याचा मेल जोडा. सांगलीवाल्यांचं पीएफ ऑफिस कोल्हापूरला. चकरा टाळायच्या असतील तर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात ‘निधि आपके निकट’ शिबिर असतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जागा आधी विचारून मगच जा.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: आधारला कंपनीचं सिम जोडलेलं असेल तर राजीनाम्याआधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, 75 रुपये लागतात. सिम जमा केलं की ओटीपी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये वाजतो. आणि पाच वर्षं भरायला दोन-चार महिनेच उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी दात-ओठ खात का होईना, तेवढे काढा. शेवटच्या पगाराचे (बेसिक, डीए धरून) पंधरा भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. वीस हजारांवर पाच वर्षांचे जवळपास 57,700 होतात.